'फेंड' म्हणजे नक्की काय? हाकलणं की स्वतःचं स्वतः बघणं?

भाषांतरवेडी
नमस्कार मंडळी. एका लेखाचं मराठी करतेय, आपत्तीनंतर मदत पोचेपर्यंत लोक कसे दिवस काढतात यावरचा. त्यात एकाच परिच्छेदात 'फेंड' हे क्रियापद दोनदा आलंय आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा. पहिल्या वाक्यात गावकरी काठ्या घेऊन लुटारूंना 'फेंड ऑफ' करतात. दुसऱ्यात म्हातारी माणसं मागे राहिली आणि त्यांना 'फेंड फॉर देमसेल्व्हज' करावं लागलं. एकीकडे हाकलून लावणं, दुसरीकडे आपलं आपण निभावणं. एकाच क्रियापदाला हे दोन अर्थ चिकटले कसे?

दुसरी अडचण त्याच्या भाऊबंदांची. वॉर्ड ऑफ, स्टेव्ह ऑफ, अव्हर्ट, रिपेल, पॅरी. शब्दकोशात सगळ्यांसमोर तेच ते 'टाळणे, दूर ठेवणे, निवारण करणे'. इंग्रजीत लिहिणारे हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाहीत एवढं वाचताना जाणवतं, पण कुठे कुठला हे धरता येत नाहीये. तुम्ही कसे वापरता आणि मराठीत काय लिहिता?

कोरा_कागद
परतवून लावणे. सगळीकडे चालतं. :)

सिलीपॉइंट
नाही चालत हो. क्रिकेटचंच घ्या. उसळता चेंडू बरगड्यांवर येतोय, खेळायचा की सोडायचा हे ठरवायला वेळ नाही, फलंदाज कसाबसा बॅट नाहीतर ग्लव्हज मध्ये घालून तो अंगावरून बाजूला करतो, त्याला समालोचक 'फेंड' म्हणतात. यात परतवणं कुठे आलं? चेंडू गोलंदाजाकडे परत जातच नाही, तो जातो शॉर्ट लेग नाहीतर लेग गलीकडे आणि फलंदाज तंबूत. १९३२-३३ ची बॉडीलाइन मालिका आठवा, इंग्लंडचा कर्णधार जार्डिनने लेगला जवळ क्षेत्ररक्षकांचं कडं लावलं आणि वेगवान गोलंदाज लारवूडला अंगावर मारा करायला लावला, त्या डावपेचाची मेखच ही होती की ऑस्ट्रेलियाचे फलंदाज अंग वाचवायला फेंड करणार आणि झेल उडणार.

मराठीत आपण 'चेंडू तटवला' म्हणतो, पण तटवणं म्हणजे पाय टाकून, नजर चेंडूवर ठेवून, पूर्ण ताब्यात केलेला बचाव. फेंडमध्ये ताबा नसतो, नाइलाज असतो. आणि हो, इथे 'ऑफ' नसलं तरी चालतं, 'फेंड्स अ‍ॅट इट' असं सर्रास म्हणतात.

भिरभिरे
रग्बीतही आहे. चेंडू घेऊन पळणारा खेळाडू अंगावर येणाऱ्याला हात लांब करून ढकलतो त्याला ब्रिटिश लोक 'हँड-ऑफ' म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात सरळ 'फेंड'. उघड्या तळव्याने ढकलायचं, मूठ मारायची नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये त्यालाच 'स्टिफ आर्म'. मात्र इथे सिलीपॉइंट म्हणतात तसा नाइलाज अजिबात नसतो, चांगला फेंड असलेला खेळाडू म्हणजे कौतुकाची गोष्ट.

नावाडी
माझ्या डोक्यात हा शब्द बोटीमुळेच बसलाय. बोट धक्क्याला लावताना हुकूम येतो, 'फेंड ऑफ!' म्हणजे बोट आणि धक्का एकमेकांवर आदळू देऊ नका, मध्ये फेंडर धरा किंवा आकडीच्या काठीने रेटून अंतर राखा. शिकवताना पहिली तंबी असते ती हीच की हात किंवा पाय मध्ये घालायचा नाही, काही टनांची बोट हळू सरकत असली तरी हाडाचा चुरा करते. लोकांना ती हळू येताना दिसते, वाटतं पायाने सहज थांबेल. नाही थांबत. हे मी नव्या मुलांना घसा फोडून सांगतो.

बोटीच्या कडेला हवा भरलेले लांबट फुगे लोंबतात ते फेंडर. टगबोटींच्या नाकाला जुने टायर बांधतात तेही फेंडरच. इथे बघा, आपण धक्क्याला 'हाकलत' नाही की 'परतवत' नाही. धक्का जागेवरच आहे. काम एवढंच की मधली फट राखायची. म्हणून माझ्या मते फेंडचा गाभा 'अंतर राखणं', अंगाला भिडू न देणं.

शंकेखोर
गाडीचं फेंडर पण त्यातलंच का? आणि गिटारचं??

भिरभिरे
गाडीचं हो. अमेरिकेत चाकावरच्या पत्र्याला फेंडर, ब्रिटनमध्ये त्याच भागाला विंग. किरकोळ ठोकर झाली की 'फेंडर बेंडर'. शेकोटीसमोर निखारे बाहेर पडू नयेत म्हणून ठेवतात त्या लोखंडी कडेलाही फेंडरच म्हणतात. गिटारचा काही संबंध नाही, ते लिओ फेंडरचं आडनाव, कंपनी १९४६ सालची.

मुळाक्षर
भाषांतरवेडी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर व्युत्पत्तीत आहे आणि ते इतकं सुंदर आहे की जरा लांबण लावतो.

'फेंड' हा स्वतंत्र शब्द नाही, 'डिफेंड'चं डोकं उडवून उरलेला आहे. साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत दिसायला लागतो. 'डिफेन्स'चं डोकं उडवलं की 'फेन्स', कुंपण. तलवारबाजीचं 'फेन्सिंग' त्याच घरातलं. लॅटिनमध्ये डे-फेंडेरे म्हणजे मारून दूर करणे, ऑफ-फेंडेरे म्हणजे जाऊन आदळणे, ज्यातून 'ऑफेंड' आला. गंमत म्हणजे नुसता 'फेंडेरे' लॅटिनमध्ये सापडत नाही, कायम उपसर्ग लावूनच येतो. त्याचा अर्थ मारणे, ठोकणे.

आणि आता खरी मजा. हा 'फेंडेरे' आणि संस्कृतमधला 'हन्' एकाच मूळ धातूतून आलेत. शत्रुघ्न आणि कृतघ्न मधला 'घ्न' तोच. आपला ठोकायचा 'घण' तोच. मराठीतलं 'हाणणे' तेच. म्हणजे लुटारूंना काठीने हाणून लांब केलं हे वाक्य लिहिलंत तर तुम्ही फेंडच्या सख्ख्या चुलतभावालाच कामाला लावलंत. त्याहून कमाल म्हणजे 'विघ्न'. वि आणि हन्, आडवं येऊन मोडता घालणारं ते विघ्न. जे फेंड ऑफ करायचं ते विघ्न आणि ज्याने करायचं ते फेंड, दोघं एका घरचे.

तर दोन अर्थ कसे? स्वतःचं रक्षण करणं हा मधला दुवा. ज्याचं रक्षण करायला दुसरं कोणी नाही त्याने स्वतःचं स्वतः करायचं, तेच पुढे पसरून खाणंपिणं, निवारा, पैसा सगळ्याची तजवीज स्वतः करणं झालं. 'फेंड फॉर वनसेल्फ' सतराव्या शतकापासून आहे. टोकं दोन नाहीतच, एकाच बचावाच्या दोन बाजू आहेत.

सिलीपॉइंट
हाणणे आणि फेंड! आता समालोचन ऐकताना दरवेळी आठवणार.

शंकेखोर
मग 'वॉर्ड ऑफ' म्हणजे आपलं 'वारणे' असणार. निवारण, वारण, वॉर्ड. उच्चार बघा की किती जवळ.

मुळाक्षर
उच्चार जवळचे आहेत पण घराणी वेगळी. वॉर्डच्या मागे 'नजर ठेवणे, सावध असणे' हा अर्थ आहे. अवेअर, बिवेअर, वेअरी हे त्याचे नातलग. निवारणातला 'वृ' म्हणजे झाकणे, अडवणे, रोखणे. कोशकार हे दोन धातू वेगळे धरतात. वॉर्डचं खरं जुळं भावंड म्हणजे 'गार्ड'. जर्मानिक भाषांतला आरंभीचा 'व' फ्रेंचमध्ये 'ग' झाला आणि नॉर्मन लोकांमुळे इंग्रजीत एकाच शब्दाची दोन्ही रूपं आली, वॉर्ड आणि गार्ड, वॉर्डन आणि गार्डियन, तशीच वॉरंटी आणि गॅरंटी.

अर्थ लावताना याचा उपयोग होतो. वॉर्ड ऑफमध्ये पहारा आहे. संकट अजून यायचंय, आधीपासून बंदोबस्त केलाय. थंडी, आजारपण, दृष्ट, डास. फेंड ऑफमध्ये संकट समोर येऊन ठेपलंय.

जुनी_खोड
पण 'हात वर करून फटका वॉर्ड ऑफ केला' असंही असतं की. ते तर ऐन वेळेचंच.

मुळाक्षर
असतं, बरोबर. फटक्याला दोन्ही चालतात. पण कुत्रा अंगावर धावून आला तर बहुतेक लिहिणारे फेंडच लिहितील, आणि सर्दी होऊ नये म्हणून काही घेतलं तर वॉर्ड.

अंधारातलं_मांजर
अव्हर्टबद्दल मी लिहिते, रोज बातम्यांमध्ये तोच वापरावा लागतो. टाळणे या अर्थी अव्हर्टचं कर्म कायम घटना असते, माणूस किंवा जनावर नसतं. संप अव्हर्ट होतो, युद्ध अव्हर्ट होतं, अपघात अव्हर्ट होतो. लुटारू अव्हर्ट करता येत नाहीत, लूट करता येते. दुसरं म्हणजे अव्हर्ट झालं की विषय संपला, ती घटना घडलीच नाही. मराठीत 'टळलं'. युद्ध टळलं, संप टळला. आणि बघा, मराठीत ते आपोआप होतं, कर्ता सांगायची गरजच नाही, इंग्रजी बातमीत कोणीतरी अव्हर्ट केलेलं असतं. म्हणून भाषांतर करताना मी कर्ता शोधत बसत नाही, सरळ 'टळला' लिहिते.

'स्टेव्ह ऑफ'चं उलट. दिवाळखोरी स्टेव्ह ऑफ केली म्हणजे ती गेली नाही, पुढे ढकलली. भूक, पराभव, म्हातारपण यांनाच तो लागतो. वाचणाऱ्याला आतून कळतं की हे येणारच आहे, फक्त आज नाही. बातमीत कंपनीने दिवाळखोरी अव्हर्ट केली आणि स्टेव्ह ऑफ केली यात जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तो न पाळणारं भाषांतर वाचकाला चुकीची माहिती देतं. हा मुद्दा मला फार जवळचा आहे, कारण 'संकट दूर केले' असं दोन्हीला लिहून मोकळे होणारे रोज दिसतात.

कोरा_कागद
मान्य आहे पण वाचकाला एवढं बारीक हवं असतं का? घाईत वाचतात लोक. 'दूर केले' कळतं सगळ्यांना.

अंधारातलं_मांजर
ज्याचे पैसे त्या कंपनीत अडकलेत त्याला हवं असतं.

नावाडी
स्टेव्हवरून, पिंपाच्या वाकवलेल्या फळ्यांना स्टेव्ह म्हणतात. बोटीच्या अंगाला भोक पडलं की 'स्टोव्ह इन'. हे सगळं त्यातलंच का? मग त्याचा 'लांब ठेवणे' हा अर्थ कुठून आला?

मुळाक्षर
हो, 'स्टाफ' म्हणजे काठी, तिचं अनेकवचन 'स्टेव्ह्ज', त्यावरून उलटं एकवचन 'स्टेव्ह' तयार झालं. जुन्या इंग्लंडमध्ये साखळीला बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडायचा क्रूर खेळ होता, त्यात कुत्र्यांना काठ्यांनी मागे रेटायचे, तिथून स्टेव्ह ऑफ. काठी असेपर्यंत कुत्रा लांब. तो तात्पुरतेपणा आजही टिकून आहे. आणि भूतकाळ बघा, भोक पडलं तर 'स्टोव्ह', लांब ठेवलं तर 'स्टेव्ह्ड'.

पाऊसपाणी
पॅरी राहिला! तलवारबाजी शिकणारी म्हणून लिहिते. पॅरी म्हणजे येणारं पातं आपल्या पात्याने बाजूला वळवणं, थांबवणं नव्हे. ताकद कमी लागते, वेळ अचूक लागते. त्याच्या लगेच मागून आपला वार जातो त्याला 'रिपोस्ट' म्हणतात. म्हणून प्रश्न पॅरी केला म्हणजे हुशारीने बगल दिली आणि शक्यतो विचारणाऱ्यालाच कोंडीत पकडलं. प्रश्न फेंड ऑफ केले म्हणजे कसेबसे अंगावर येऊ दिले नाहीत. मंत्री पत्रकारांचे प्रश्न पॅरी करत असेल तर तो तयारीचा गडी आहे, फेंड ऑफ करत असेल तर घामाघूम झालाय.

अवांतर: पॅरी ज्या घरातला त्याच घरातले पॅरासोल, पॅरापेट आणि पॅराशूट. पॅरासोल सूर्याला अडवणारी, पॅरापेट छातीचं रक्षण करणारा कठडा, पॅराशूट पडण्यापासून वाचवणारी. पॅराग्राफ आणि पॅरलल मधला पॅरा मात्र ग्रीक, त्याचा संबंध नाही.

जुनी_खोड
संस्कृतमध्ये अगदी हीच तऱ्हा आहे. आतपत्र म्हणजे उन्हापासून वाचवणारं, छत्री. पदत्राण, शिरस्त्राण, अंगुलित्राण. इंग्रजीत ज्यापासून वाचवायचं त्याचं नाव आधी की नंतर हा फरक सोडला तर पॅरासोल आणि आतपत्र एकाच विचाराने घडवलेत. आणि अव्हर्टमधला 'व्हर्ट' म्हणजे आपला 'वृत्'. वर्तुळ, आवर्तन, परावृत्त. एखाद्याला बेतापासून परावृत्त केलं यात अव्हर्टची वळवावळवी जशीच्या तशी आहे. नजर अव्हर्ट करणं म्हणजे नजर वळवणं, तिथे मूळ अर्थ अजून जिवंत आहे.

शंकेखोर
रिपेलला कोणी वाली नाही?

भिरभिरे
रिपेल म्हणजे मागे ढकलणे. आक्रमण, पाणी, डास. कोरा_कागद यांचं 'परतवून लावणे' इथे अगदी फिट. चुंबकाचे सजातीय ध्रुव एकमेकांना रिपेल करतात, शाळेतलं प्रतिकर्षण. माणसाला रिपेल केलं तर किळस आणली असाही अर्थ होतो, त्यामुळे पाहुण्यांसाठी जपून वापरा.

कोरा_कागद
चला, एक तरी जागा मिळाली माझ्या शब्दाला.

जुनी_खोड
'फोरस्टॉल'ही या यादीत घ्या. हल्ली अर्थ 'आधीच हालचाल करून हाणून पाडणे'. पण मध्ययुगीन इंग्लंडमध्ये माल बाजारात पोचायच्या आधी वाटेतच विकत घेऊन भाव चढवणं म्हणजे फोरस्टॉलिंग आणि तो गुन्हा होता, कायदा १८४४ साली रद्द झाला. त्याच्याही आधी त्याचा अर्थ वाटेत दबा धरून गाठणे. 'प्रिव्हेंट'ही असाच, मुळात नुसता 'आधी पोचणे'. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पहाट प्रिव्हेंट केल्याचं वाक्य आहे, म्हणजे भक्त पहाटेच्या आधी उठला. आजच्या अर्थाने वाचलं तर सूर्यच उगवू दिला नाही असं होईल.

भाषांतरवेडी
किती भरभरून लिहिताय सगळे! पहिला प्रश्न मिटला, हाणणे आणि विघ्न तर आयुष्यभर विसरणार नाही. पण माझी म्हातारी माणसं अजून तिथेच अडकलीत. 'स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं' लिहिलं होतं, पण वाचताना काहीतरी खुपतंय.

अंधारातलं_मांजर
खुपणारच. स्वतःच्या पायावर उभं राहणं हे मराठीत कौतुक आहे. शिकून नोकरीला लागलेल्या मुलीबद्दल म्हणतात ते. 'लेफ्ट टू फेंड फॉर देमसेल्व्हज'मध्ये कौतुक नाही, तक्रार आहे. जोर 'लेफ्ट'वर आहे, कोणीतरी सोडून गेलंय. मराठीत यासाठी आयता वाक्प्रचार आहे, 'वाऱ्यावर सोडलं'.

पाऊसपाणी
वाऱ्यावर सोडलं यात फक्त सोडणारे येतात. पुढे त्या माणसांनी काय केलं ते राहून जातं. इंग्रजी वाक्यात म्हातारी माणसं काहीतरी करतायत, पाणी आणतायत, चूल पेटवतायत. त्यांना नुसतं बिचारं करून टाकू नका.

अंधारातलं_मांजर
हे पटतंय. दोन्ही घ्यावं लागेल मग. 'वाऱ्यावर सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांनी मिळेल त्यावर निभावून नेलं', असं काही.

भिरभिरे
पक्ष्यांबद्दल लिहिताना हाच शब्दप्रयोग तक्रारीशिवाय येतो हेही लक्षात ठेवा. पिल्लं अमुक आठवड्यांनी फेंड फॉर देमसेल्व्हज करायला लागतात म्हणजे स्वतःचं पोट भरायला लागतात, एवढंच. मेगापोड नावाच्या पक्ष्यांची पिल्लं तर पहिल्या दिवसापासून. मातीच्या आणि पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी उबतात, पिल्लू एकटं ढीग उकरून बाहेर येतं आणि चालू लागतं, आईबाप वाढवत नाहीत. तिथे 'वाऱ्यावर सोडलं' लिहिलंत तर मेगापोडांवर अन्याय होईल. 'लेफ्ट टू' असेल तर तक्रार, नसेल तर वस्तुस्थिती.

शंकेखोर
'फेंड फॉर हिज फॅमिली' चालतं का? कुटुंबाचं बघतो अशा अर्थी?

मुळाक्षर
क्वचित दिसतं, पण कानाला खटकतं. तिथे 'प्रोव्हाइड फॉर'. फेंड फॉरच्या पुढे जवळजवळ नेहमी स्वतःच येतो, हिमसेल्फ, देमसेल्व्हज. आणि फेंड ऑफमध्ये सर्वनाम असेल तर मधे बसतं, 'फेंड देम ऑफ'. 'फेंड ऑफ देम' म्हणत नाहीत. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं.

भाषांतरवेडी
आता लुटारूंचं वाक्य. 'गावकऱ्यांनी काठ्या घेऊन लुटारूंना पिटाळून लावलं' असं केलंय. हाणलं घ्यायचा मोह होतोय पण मारामारी झाली असं मूळ लेखात नाही.

नावाडी
नुसत्या काठ्या रोखून उभे राहिले असतील तर हाणलं नको. पिटाळून लावलं म्हटलं की लुटारू पळाले, परत आले नाहीत असं वाटतं. फेंड ऑफमध्ये तसं वचन नाही. बोट पुढच्या लाटेला परत धक्क्याकडे येतेच. लेखात पुढे काय आहे?

भाषांतरवेडी
पुढच्याच वाक्यात आहे, दुसऱ्या रात्री लुटारू पुन्हा आले.

नावाडी
मग 'थोपवून धरलं' लिहा.

कोरा_कागद
+१. थोपवून धरलं. परतवून लावलं इथे नको.